चिऱ्याचा मान

वाडीच्या गाडीचं ब्रेक ऑइल कधी बदलावं, हा विषय चिंचकोंड वरचीवाडीच्या विषयपत्रिकेवर गेल्या शिमग्यानंतर आला आणि आजतागायत तिथेच आहे. विषय जिवाशी निगडित असल्यामुळे त्यावर घाईनं काही करू नये, यावर पहिल्याच सभेत एकमत झालं होतं. त्या एकमताचा मसुदा मी लिहिला. मी महिपत रांबाडे, वाडीच्या ग्रामीण कमिटीचा सेक्रेटरी. रत्नागिरीच्या एका सरकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. उभ्या नोकरीत माझ्या टेबलावरून एकही कागद वेळेआधी पुढे गेला नाही, म्हणून वाडीनं हे पद मोठ्या विश्वासानं माझ्याकडे दिलं. गाडी चालवायचं कामही माझ्याकडेच आहे, कारण दुसऱ्या कोणाला लायसन्स नाही.

आमची वाडी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावर आहे. शाळा, दवाखाना, बाजार, एसटी सगळं खाली नाक्यावर. मध्ये घाटी, म्हणजे असा उतार की वरून नारळ सोडला तर तो आमच्याआधी बाजारात पोचेल. म्हणून मुंबई मंडळानं वाडीला एक जुनी व्हॅन घेऊन दिली. आमच्या वाडीची अर्धी माणसं मुंबईत असतात आणि निर्णय सगळेच्या सगळे तिकडे असतात. व्हॅनमधून शाळेची मुलं जातात, आजारी माणसं जातात, भाट्याला नारळाची रोपं आणायला निघालेले बागायतदार जातात.

ब्रेक मऊ लागतो, ही बाब सर्वप्रथम माझ्या उजव्या पायाच्या निदर्शनास आली. पूर्वी पाय टेकला की गाडी थांबायची. आता पाय बराच आत जाई आणि मग गाडी विचार करून थांबे. मी गाडी नाक्यावर सागरच्या गॅरेजमध्ये नेली. त्यानं बॉनेट उघडून एक छोटं झाकण काढलं आणि मला आत बघायला सांगितलं. आत काळ्या चहासारखं काहीतरी होतं.

"काका, या ऑइलचा एक हाय," सागर म्हणाला. "हवेतला पाणी वडून घेतो. आनी आपल्याकडची हवा तुमाला म्हायती हाय, डब्यातला मीठपन पातळ होतो. घाटीत ब्रेक तापला की आतल्या पान्याची वाफ होते. मंग पाय दाबलात तरी खाली जातो, गाडी काय थांबत नाय."

"मग बदलायचं कधी?"

"दोन वर्सांनी बदलावा म्हनतात."

"आपलं कधी बदललंय?"

"गाडी आल्यापासनं तोच असल. बदलायला हवा तसा. पन चालतोय तवर चालेल पन."

"सागर, मला तारीख सांग."

"आजच बदलू?" म्हणत त्यानं पाना उचलला.

माझ्या अंगावर काटा आला. "कोणाला न विचारता?" मी ओरडलो. सागरनं पाना मुकाट्यानं खाली ठेवला. त्याचंही बरोबर होतं. तो खालच्या वाडीचा; न विचारता वरच्या वाडीच्या गाडीला हात लावला म्हणून उद्या त्याच्या नावानं सभा भरली असती.

घरी आलो तर जनी, म्हणजे आमची मंडळी, पडवीत हर्ण्याहून आलेली सुकट निवडत बसली होती. तिला सगळा प्रकार सविस्तर सांगितला. तिनं डोकं वर केलं नाही.

"पाय तुमचा, ब्रेक तुमच्या पायाखाली, नि इचारताय कोनाला?"

"याला पद्धत आहे."

"आसूदे. उद्यापासनं सानवी गाडीत बसनार नाय. चालत जाईल शाळंत."

सानवी आमची नात, संदेशची मुलगी. संदेश नोकरीला मुंबईत आणि तिथल्या मंडळाचा सरचिटणीस. सून आणि नात आमच्याकडे. मी रात्रीचं जेवण व्हायच्या आधीच संदेशला फोन लावला.

"बाबा, मुलगा म्हणून सांगतो, उद्याच्या उद्या बदलून टाका," तो कळवळून म्हणाला. मग घसा साफ केला. "सरचिटणीस म्हणून सांगायचं, तर रीतसर प्रस्ताव पाठवा."

मला त्याचा अभिमान वाटला. माझ्यावर गेलाय.

सभा देवळाच्या सभामंडपात भरली. अध्यक्ष भिकाजी धनावडे. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांच्या हातून कोणा एकावर अन्याय होत नाही. मंडळाच्या घटनेप्रमाणे गाडीची देखभाल ग्रामीण कमिटीकडे आणि दुरुस्ती मुंबईकडे. मी विषय मांडताच शिवा उठला. शिवाच्या पडवीत बसून वाडीतले निम्मे वाद सुरू होतात.

"ऑइल बदलनं ही देखभाल की दुरुस्ती, ता आधी ठरवा," तो म्हणाला. "धुनं, पुसनं, दसऱ्याला हार घालनं ही देखभाल. आत हात घातला की दुरुस्ती."

"मोडल्याबिगर दुरुस्ती कशी?" केरू म्हणाला. केरू अंगानं वाडीत सगळ्यांत दणकट. शिवा जे म्हणेल त्याच्या उलट बोलायचं, हे त्याच्या घरात वडिलांपासून चालत आलंय.

"मोडलाय काय ब्रेक?" भिकाजींनी मला विचारलं.

मी नियमाला धरून उत्तर दिलं, "पूर्णपणे नाही."

"मंग मोडूदे की आधी," भिकाजी म्हणाले.

सगळ्यांना हे पटलं. मलाही पटलं, ते कशाला लपवू? मुद्दा बिनतोड होता. ब्रेक लागतोय तोवर दुरुस्तीची गरज सिद्ध होत नव्हती, आणि ती सिद्ध होईल त्या क्षणी मी घाटीत असणार होतो. तरीही पुढचा सगळा विचार करून, योग्य त्या मार्गदर्शनासाठी प्रकरण मुंबईस सादर करावे, असा ठराव मी सुचवला. टाळ्या पडल्या.

मुंबईचं उत्तर यथावकाश आलं. गतवर्षी ऑइल न बदलताही गाडी समाधानकारकपणे चालली असता चालू वर्षीच ते बदलण्याची निकड काय, याचा खुलासा व्हावा. खाली संदेशची सही. भाषा इतकी निर्दोष होती की मला माझ्या जुन्या कार्यालयाची आठवण येऊन भरून आलं. मी खुलासा पाठवला. त्यांनी खुलाशाचा खुलासा मागवला. या देवाणघेवाणीत पावसाळा सुरू झाला आणि ब्रेक आणखी मऊ झाला.

निर्णय होईपर्यंत गाडी बंद ठेवता येत नव्हती. म्हणून तात्पुरती उपाययोजना म्हणून असं ठरलं, की घाटी उतरताना केरूनं गाडीच्या पुढं चालावं आणि सातविणीच्या वळणावर, जिथं उतार सगळ्यांत अवघड आहे, तिथं पुढच्या चाकाखाली चिरा घालावा. घराच्या भिंतीला लावतो तोच आपला तांबडा चिरा. तो शिवाच्या पडवीतून आला, कारण त्याच्याकडे बांधकामातून उरलेले पडले होते. शिवाय मागच्या बंपरला दोर बांधून चार धडधाकट माणसांनी गाडी मागं ओढत यावं. दोर बाबू गुरवानं त्याच्या दाभोळच्या मेहुण्याच्या होडीवरचा आणून दिला.

व्यवस्था उत्तम चालली. केरू चिरा खांद्यावर घेऊन पुढे, मी गाडीत, दोरवाले मागे. सातविणीपाशी केरू "घातला!" म्हणून ओरडे, गाडी धाडकन थांबे, आतली माणसं एकमेकांच्या अंगावर पडत आणि मग दम खाऊन सगळे पुन्हा निघत. आम्ही नाक्यावर पोचेपर्यंत पायवाटेनं चालत गेलेली सानवी शाळेच्या दारात उभी राहून आम्हाला हात करत असे. गाडीतली मुलं उशिरा पोचली म्हणून अंगठे धरून उभी राहत. त्यांच्या आयांना मी एकदा सुचवून पाहिलं की मुलांना चालत पाठवा. त्या रागावल्या. गाडी असताना चालायचं म्हणजे वाडीची इज्जत काय राहिली?

गणपतीला मुंबईकर आले. घाटीत समोरून आमची गाडी उतरताना पाहिली आणि सगळे खाली उतरले. पुढे पावसात भिजलेला केरू, खांद्यावर चिरा, मागे दोर ताणलेले गडी, मध्ये हात जोडून बसलेली म्हातारी माणसं. कोणी तरी शिट्टी वाजवली, कोणी तरी मोबाईल काढला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मुंबईतल्या प्रत्येक नातेवाइकानं बघितला होता. खाली लिहिलं होतं, आमच्या कोकणची जुनी परंपरा. परंपरा तेव्हा त्याच वर्षीच्या आषाढातली होती.

पण परंपरा म्हटल्यावर ती पाळणं आलं. दुसऱ्या दिवशी कोणी बाईनं चिऱ्याला हळदकुंकू लावलं. तिसऱ्या दिवशी घाटी उतरायच्या आधी नारळ फोडला आणि पहिली शेड, म्हणजे फुटलेल्या नारळाचं पहिलं भकल, चिरा उचलतो म्हणून केरूला दिली. झालं. आमच्याकडे पहिली शेड ज्याच्या हातात पडते त्याच्याकडे मान जातो, आणि मान एकदा घरात गेला की पिढ्यान्‌पिढ्या बाहेर येत नाही.

शिवानं रात्रभर झोप घेतली नसावी. सकाळीच तो माझ्या दारात हजर.

"चिरा कोनाच्या पडवीतला?"

"तुझ्या."

"मंग मान कोनाचा?"

केरूला हे कळल्यावर तो म्हणाला, "चिरा काय आपल्या पायानं चालत जातो घाटीत? खांदा माजा, मान माजा." दोन्ही घरांनी एकमेकांच्या गणपतीला जायचं सोडलं. आरतीचे ताशे दोन झाले.

नेमक्या याच गणपतीत मुंबई मंडळानं मंजुरी दिली. नुसती मंजुरी नव्हे, ब्रेक ऑइलची बाटलीच मुंबईहून आणली. ती सागरच्या दुकानात नाक्यावर मिळते, पण तिथून घेतली असती तर ती मंडळानं दिलीय असं दिसलं नसतं. सभामंडपात संदेशनं ती माझ्या हातात दिली, मला शाल घातली, फोटो झाले. नंतर भिकाजी म्हणाले, "आत काय हाय ता बगूदे तरी." सील फोडलं. बाटली हातोहात फिरली. प्रत्येकानं वास घेतला. भिकाजींनी बोट बुडवून कपाळाला लावायचा बेत केला होता, तो बाबू गुरवानं वेळीच हाणून पाडला. मग बाटली उघडीच देवळाच्या कोनाड्यात ठेवली, कारण झाकण कोणाच्या तरी खिशातून मुंबईला गेलं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, हे सांगायला मी उठलो होतो. पण तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं आणि ते माझ्याच नावावर होतं.

आता राहिला प्रश्न कधी बदलायचं याचा. तो देवीला कौल लावून सोडवावा, असं ठरलं. बाबू गुरवानं देवीला फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. ऑइल बदलायचं काय? उजवीकडचं, म्हणजे होकाराचं, फूल लगेच पडलं. देवीला काही शंका नव्हती. पण कौलात हो किंवा नाही एवढंच मिळतं, दिवस आपण सुचवायचा. पितृपक्षात नको, असं एक जण म्हणाला. नवरात्रात गाडीला आराम. त्यानंतर भातकापणी, तेव्हा माणूस मिळत नाही. शेवटी कापणी उरकल्यावरचा सोमवार सुचवला, आणि फूल पुन्हा उजवीकडचंच पडलं. "आजच बदलू काय?" असं कोणी विचारलंच नाही. मी विचारू शकलो असतो. मी देवीच्या अगदी समोर उभा होतो. पण दुपारचं जेवण तयार होतं आणि पंगतीची व्यवस्था माझ्याकडे होती.

तो सोमवार उजाडला. भिकाजी नवा फेटा बांधून माझ्या शेजारी बसले, मांडीवर उघडी बाटली. मागं कमिटी. गाडी सागरकडे न्यायची, ऑइल बदलायचं आणि चिऱ्याला कायमचा निरोप द्यायचा, असा कार्यक्रम. म्हणजे चिरा घालायचा हा शेवटचा मान. ही गोष्ट केरूच्या आणि शिवाच्या एकाच वेळी लक्षात आली.

सातविणीच्या वळणावर केरूनं चिरा खांद्यावरून खाली घेतला आणि शिवानं झुडपातून येऊन त्याचं दुसरं टोक धरलं.

"सोड!"

"तू सोड! पडवी माजी!"

दोघं चिरा ओढू लागले. त्यांना सोडवायला दोरवाल्यांनी दोर सोडला. गाडी त्या सहा जणांच्या आणि चिऱ्याच्या बाजूनं पुढे निघाली. मी ब्रेक दाबला. पाय सरळ खालपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. दुरुस्तीची गरज आता निर्विवादपणे सिद्ध झाली होती. मी गिअर ओढायला गेलो, तो हातात नुसताच फिरला. मग हँडब्रेक ओढला. तो कधी लागत नव्हता, हा वेगळा विषय म्हणून आम्ही पुढच्या सभेसाठी राखून ठेवला होता.

आणि पुढं रस्त्यावर सानवी होती.

पावसानंतर पायवाट गवतात बुडाली होती, म्हणून जनीनं तिला त्या दिवशी रस्त्यानं जायला सांगितलं होतं. दोन वेण्या, निळं दप्तर, पाठमोरी. रस्त्याच्या मधोमध, हातात कसलं तरी फूल घेऊन. मी हॉर्न दाबला. हॉर्न मात्र उत्तम वाजला. तिनं वळून बघितलं, क्षणभर तिला वाटलं आजोबा गंमत करतायत, ती हसलीसुद्धा. मग माझं तोंड बघून तिनं दप्तर टाकलं आणि गडग्यावरून पलीकडच्या मळ्यात उडी मारली. गाडी दप्तरावरून गेली, गडग्याचे दगड पाडून मळ्यात शिरली आणि शिवाच्या पेंढ्यांच्या उडवीत निम्मी घुसून थांबली.

"पोचलो काय?" भिकाजींनी विचारलं. फेट्यावर पेंढा आणि सदऱ्यावर ब्रेक ऑइल होतं.

मी दार ढकलून पेंढ्यावर पडलो. तसाच सरपटत सानवीकडे गेलो. तिचा गुडघा खरचटला होता, बाकी काही नव्हतं. मी तिला जवळ घेतलं आणि रडलो. अध्यक्षांसमोर, सभासदांसमोर, कोणत्याही ठरावाशिवाय हुंदके देऊन रडलो.

"आजोबा," ती माझ्या खांद्यावरून म्हणाली, "ब्रेक लागत नाय ता तुमाला म्हायती होता ना?"

"होय गो बाये."

"मंग?"

अख्ख्या नोकरीत मी प्रत्येक खुलासा लेखी दिला होता, म्हणून सवयीनं खिशातला पेन काढला. मग तो परत ठेवून तिचं दप्तर शोधायला गेलो.

घरी जनीला सगळं कळलं. तिनं सानवीचा गुडघा धुतला, पातळ बदललं आणि घाटी उतरून नाक्यावर गेली. गाडी ओढून सागरकडे नेलेली होती. तिथं तिनं त्याच्याच दुकानातली नवी, सीलबंद बाटली घेतली.

"काकी, कमिटीला इचारलात?" सागरनं विचारलं, असं मला मागाहून कळलं.

"इचारला. कमिटी आता पेंढ्यात हाय. तू पाना घी."

तो काम संपवेपर्यंत ती तिथून हलली नाही. संध्याकाळी घरी येऊन मला एवढंच म्हणाली, "लागतो ब्रेक. कोनाला सांगितलात तर बगा."

मी कोणाला सांगणार? ठराव नाही, कमिटीतलं कोणी हजर नाही, मंडळाच्या बाटलीऐवजी बाहेरची बाटली. आमच्या गाडीला आता ब्रेक आहेत, पण ते अनधिकृत आहेत.

अपघाताची चौकशी झाली. चौकशी समितीचा अहवाल मीच लिहिला. अपघात चिऱ्याच्या मानाबाबत संदिग्धता राहिल्यामुळे घडला, असा निष्कर्ष निघाला. यापुढे चिरे दोन असावेत. उजव्या चाकाला केरूच्या घराण्याचा, डाव्याला शिवाच्या. दोन्ही घरांचा समेट झाला. केरूनं शिवाच्या उडवीचं नुकसान स्वतः पेंढे बांधून भरून दिलं. चिरे दोन झाल्यामुळे ऑइल बदलण्याची निकड उरली नाही, सबब तो विषय विचाराधीन ठेवण्यात आला. मुंबईनं अहवालाचं अभिनंदन केलं. उरलेली बाटली पुन्हा देवळाच्या कोनाड्यात गेली. तिला आता रोज फूल असतं.

सानवी पुन्हा गाडीत बसते, माझ्या शेजारी. सातविणीच्या वळणावर केरू आणि शिवा दोन्हीकडून चिरे घालतात, आणि ते चाकाला लागायच्या जरासं आधी मी अलगद ब्रेक दाबतो. गाडी मऊ थांबते. केरू घाम पुसत म्हणतो, "बगितलात, कसा थांबवला?" मी म्हणतो, वा! सानवी माझ्या पायाकडे बघते, मग माझ्याकडे बघते. अपघाताच्या दिवशी तिनं "मंग?" विचारलं होतं. आता विचारत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, आणि पुढे ही पोर उत्तम सेक्रेटरी होईल असंही वाटतं.

काळजी एकच आहे. हे नवं ऑइलसुद्धा आपली हवा पिणारच. दोन वर्षांनी ते पुन्हा बदलावं लागेल. पण जे बदललंच नाही, ते पुन्हा बदलायचा प्रस्ताव मी कोणत्या तोंडानं मांडू?

तुम्ही हसताय. हसा. वाचून झालं की जरा खिडकीतून खाली बघा, तुमची गाडी उभी असेल, धुतलेली, पुसलेली, आरशाला लिंबू-मिरची लावलेली. तिचं ब्रेक ऑइल कधी बदललं, आठवतंय? नसेल आठवत, तर आमच्या मंडळात तुमचं स्वागत आहे. वर्गणी नाही, अर्जही नको. एवढंच कळवा, तुमच्या वळणावर चिऱ्याचा मान कोणाकडे आहे?